कावळ्यांनाही न कळणारं ताट

माझ्या आजीला एक मुलगी होती हे मला विमानात कळलं. म्हणजे माझ्या बाबांशिवाय आणखी एक मूल. आमच्या जेजू बेटावरून जपानात ओसाकाला जाणारं विमान वर चढून सरळ होतंय न होतंय तोवर उतरायलाच लागतं, तेवढ्यात तिने सांगून टाकलं. तेही खिडकीबाहेर बघत, घरचा गॅस बंद केला होतास ना असं विचारावं तशा आवाजात. एरान नाव होतं. चार वर्षांची होऊन गेली. तिच्या अस्थी ओसाकात राहिल्यात, त्या आणायला आपण चाललोय.

मला वाटत होतं आम्ही जुन्या मैत्रिणींना भेटायला चाललोय. घरी तेच सांगितलं होतं. आई तर म्हणाली पण, या वयात हौस बघा म्हातारीची, आणि दान्बी तू बरोबर जा, तुझं कॉलेज तसंही बंदच आहे. मी लगेच हो म्हटलं, मला फिरायला मिळणार होतं. आता लिहितानासुद्धा मला स्वतःचा राग येतोय, मी यादी केली होती कुठे कुठे काय खायचं त्याची.

आजीने बॅगेतून एक लहान पिशवी काढून दाखवली. कच्च्या फळांच्या रसात रंगवलेलं आपलं तपकिरी कापड असतं ना, शेतात घालतात ते, त्याची. आतून मऊ कापूस भरून शिवलेली. म्हणाली, माती घालायला पाहिजे पोरीला आपल्या बेटावर, माझ्या शेजारी. मी गेल्यावर तिला विचारणारं कोण आहे.

थांबा, आधी आजीचं सांगायला हवं, नाहीतर कळायचं नाही.

तिचं नाव बू चुनोक. आमच्या गावात बाई म्हटली की समुद्रात बुडी मारून शंखशिंपले काढणारी, आणि आजीला नेमकं तेच जमायचं नाही. कान दुखायचे, दम पुरायचा नाही. गावातल्या बायका अजून म्हणतात की चुनोक समुद्रात जायची ती तोंड धुवायला. सासूपुढे तिची किंमत काय असेल बघा. घरात खायला नाही, आजोबा आजारी, बाबा तेव्हा अंगावर पिणारे. तेव्हा आमच्या बेटावरचे निम्मे लोक ओसाकातच कामाला असायचे, कागद असो नसो. आजी पण बाबांना सासूकडे ठेवून एका बोटीत जाऊन बसली. बोटीत ओकाऱ्या सुरू झाल्या, तिला वाटलं समुद्र लागला. समुद्र नव्हता, एरान होती.

ओसाकात इकुनो म्हणून भाग आहे, तिथे आमचीच माणसं. माल्सुन नावाच्या बाईने तिला आपल्या माडीवरची खोली दिली. माल्सुनकडे कागद होते, नवरा होता, आणि खाली चपलांचा कारखाना होता. कारखाना कसला, एक लांब टेबल आणि सोल्युशनचे डबे. चपलेला सोल्युशन लावायचं, तळ चिकटवायचा, ठोकायचं, पुढची घ्यायची. टेबलाला आजी, माल्सुन आणि तिसरी ग्येह्वा. ग्येह्वा आमच्याच गावची, आजीच्याच बोटीतून आलेली. त्या वासाने तिघींची डोकी फिरायची आणि उगाच हसत सुटायच्या, असं आजी सांगते. एरान माडीवर जन्मली. माल्सुनने रबर कापायची कात्री उकळून नाळ कापली. पोरगी टेबलाखालीच वाढली, तिघींच्या पायांत.

मग ताप आला. कागद नव्हते म्हणून मोठ्या दवाखान्यात न्यायला घाबरल्या, आणि नेली तेव्हा उशीर झाला होता. आजीने याच्यापुढे काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अस्थी डोंगरावर आपल्याच बेटावरची एक संन्यासीण छोटं देऊळ चालवायची, तिच्याकडे ठेवल्या.

आणि आता ते ताटाचं. आपल्याकडे जे लहानपणी जातात, लग्नाआधी जातात, ज्यांच्या मागे कोणी नाही, त्यांच्यासाठी वर्षातून एकदा घरातलंच कोणीतरी गुपचूप ताट मांडतं. मोठ्या माणसाचं असेल तर अख्खं गाव जेवायला येतं. याला कोणाला बोलवत नाहीत. कावळ्यांनाही न कळणारं ताट म्हणतात त्याला. मांडणाऱ्याने सांगायचं नाही, दुसऱ्याने विचारायचं नाही. बोभाटा झाला तर तो जीव लाजतो आणि येतच नाही म्हणतात. आजी दर वर्षी माडीवर एकटी मांडायची. भात, मासा, आणि एरानला आवडायचा म्हणून स्पंजकेक.

काही वर्षांनी तिला पकडलं. काम चालू असताना कागद तपासणारी सरकारी माणसं आली, हाताला सोल्युशन होतं तेही धुऊ दिलं नाही. तिथून कोठडीत, आणि कोठडीतून थेट बोटीवर. देवळात जाऊन यायचं म्हणाली तर कोण ऐकतंय. माल्सुन आणि ग्येह्वा कोठडीत भेटायला आल्या होत्या, मध्ये जाळी. एवढंच बोलायला वेळ मिळाला: पोरीला उपाशी ठेवू नका. दोघींनी माना हलवल्या.

त्या माना हलवण्यावर माझी आजी चाळीसहून जास्त वर्षं जगली. जेजूला आल्यावर तिने एकदाही एरानचं ताट मांडलं नाही, कारण एका जिवाला दोन घरी बोलवायचं नसतं. इकडे यावं की तिकडे जावं, असं पोरगी मधल्या समुद्रात हेलपाटत राहील. तिकडे जेवतेय ना, मग जेवू दे. आधी काही वर्षं तिला परत तिकडे जायला बंदी होती, मग आजोबा अंथरुणाला खिळले, मग संत्र्यांच्या बागा आणि लसणाची शेतं, मग गुडघे. नव्या वर्षाला तिघी फोनवर बोलायच्या. सुना, ब्लडप्रेशर, कोबीचा भाव. ताटाचा विषय नाही. विचारायचं नसतं ना.

इकुनोत पोचलो तर आजी मला आधी जुन्या गल्लीत घेऊन गेली. घर पाडून गाड्या लावायची जागा केली होती. आजी दोन गाड्यांच्या मधे उभी राहिली आणि दाखवायला लागली, इथे टेबल, इथे चूल, इथे डबे. मग मान वर करून नुसत्या हवेत बोट दाखवलं. तिथे झाली ती, म्हणाली. मी पण मान वर करून बघितलं. काय दिसणार, विजेच्या तारा होत्या.

माल्सुन आजी आता मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. दार उघडलं तर कमरेत पार वाकलेली. आजीला बघून तिथेच उंबऱ्यात तिचा हात धरून बसली आणि म्हणाली, "मेले, अजून आहेस होय. मी तुझ्यासाठी दोनदा रडून घेतलंय, ते परत दे आता."

थोड्या वेळाने ग्येह्वा आजी आली, ढकलगाडी ढकलत, लिपस्टिक लावून. ती आजीचं तोंड हातात धरून निरखत बसली आणि विचारते काय, "हे दात देवाने दिलेले की दुकानातले?" आजी म्हणाली, "वरचे दुकानातले, खालचे तुझ्या नवऱ्याने दिलेले." त्यावर तिघी अशा हसल्या की माल्सुन आजीला ठसका लागला आणि मी पाणी आणायला धावले. खरं सांगते, मी आजीला असं हसताना कधी बघितलंच नव्हतं. घरी ती तोंडावर हात ठेवून हसते.

माल्सुन आजीने उकडलेलं डुकराचं मांस लाकडी फळीवरच कापून फळीसकट समोर ठेवलं, गावाकडे ठेवतात तसं. जेवता जेवता समजलं की त्या दोघी दर आठवड्याला भेटतात. म्हाताऱ्यांसाठी एक केंद्र आहे, गाडी न्यायला येते, तिथे शेजारी शेजारी बसून कागदाची फुलं करतात, गाणी म्हणतात. ग्येह्वा आजी म्हणाली, माल्सुन बेसूर गाते आणि वर मलाच गप्प बस म्हणते. मला इतकं बरं वाटत होतं. मी फोटो काढत होते.

मग आजीने पुडकं सोडलं. आपल्याकडचा लाल वाळवलेला मासा, ताटात ठेवायचा, सगळ्यात चांगल्यातला. दोन पुडकी, सारखीच. दोघींच्या समोर एकेक ठेवलं आणि खाली वाकून नमस्कार केला, पूर्ण, कपाळ जमिनीला टेकवून. या वयात, असले गुडघे घेऊन. त्या दोघी अगं अगं करायला लागल्या. आजी तशीच वाकून म्हणाली, "विचारायचं नसतं ते माहीत आहे. पण मी तिला न्यायला आलेय, आता विचारलं तर चालेल. तुमच्यापैकी कोण मांडतं? मला तिचे पाय धरायचेत."

माल्सुन आजी ग्येह्वा आजीकडे बघून हसली. ग्येह्वा आजी तिच्याकडे बघून हसली. मला वाटलं दोघी एकमेकींना मान देतायत. लग्नाकार्यात नाही का, तुम्ही पुढे व्हा, नाही तुम्ही व्हा, तसं.

"ही मांडते की," माल्सुन आजी म्हणाली.

"मी कुठली? तूच ना?"

"मी कशी असेन? तू तिच्या गावची. गेलेले गावच्या माणसाच्या हातचं खातात."

"नाळ तू कापलीस. तुझ्या माडीवर झाली. मी म्हटलं माडी सोडून ती माझ्याकडे कशाला येईल."

हे सगळं अगदी हळू आवाजात चाललं होतं. एकमेकींची चूक काढत होत्या असंही नाही, समजूत घालत होत्या जणू की नीट आठव, तूच मांडतेस. माल्सुन आजी म्हणाली, तू दर हिवाळ्यात एक दिवस केंद्रात यायची नाहीस, मला वाटायचं ताटासाठीच. ग्येह्वा आजी म्हणाली, अगं तो दातांचा डॉक्टर. मग ग्येह्वा आजी म्हणाली, तू स्पंजकेक घेताना मी बघितलंय बाजारात. माल्सुन आजी म्हणाली, तो नातवासाठी गं.

आजी अजून वाकलेलीच होती. मी तिला धरून उठवलं तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे कोणीच नाही."

मी तेव्हा ओरडले. मला लाज वाटते पण ओरडले. म्हटलं, एवढी वर्षं शेजारी शेजारी बसून फुलं करता, एकदा, फक्त एकदा विचारता आलं नाही? माल्सुन आजी म्हणाली, ते विचारायचं नसतं बाळ. इतक्या साधेपणाने म्हणाली. आणि खरंच नसतं. मला माझ्या आईने कधी विचारू दिलंय का? आमच्याच भावकीतली मोठी काकू हिवाळ्यात एक दिवस सकाळीच मासा भाजायची आणि आम्ही मुलं नाकं दाबून तिच्या दारावरून पळायचो. कोणासाठी ते अजून मला माहीत नाही.

आजी म्हणाली, असू दे. अस्थी तरी आहेत. उद्या तिथी आहे, उद्याच जाऊ.

रात्री ती झोपली नाही, किंवा झोपली असेल, मला माहीत नाही. मीच तोंड भिंतीकडे करून पडले होते.

सकाळी चौघी निघालो, ट्रेनने आणि मग टॅक्सीने. आजी म्हणत होती येऊ नका, पण त्या दोघी आल्याच. डोंगरावर अशी लहान लहान देवळं बरीच आहेत, निम्मी बंद पडलेली. संन्यासिणीचं दार फळ्या मारून बंद. ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. त्या दोघींच्या कानावर देऊळ बंद होतंय हे आलं होतं तेव्हा. आता काय सांगू. माल्सुनला वाटलं ग्येह्वाने अस्थी नेल्या असतील आणि ग्येह्वाला वाटलं माल्सुनने.

खालच्या देवळात एक म्हातारे गृहस्थ झाडत होते. फार सज्जन माणूस, चार वेळा वाकले आमच्यासमोर. त्यांनी सांगितलं, ज्यांना न्यायला कोणी आलं नाही ते सगळे एकत्र केले, नीट पूजा करून. आणि झाडांमागे नेऊन एक दगड दाखवला. उंच, गुळगुळीत, नाव नसलेला. त्याच्याखाली. आजीने विचारलं, डबे वेगवेगळे असतील ना? मी त्यांना जपानीत विचारलं. माझं जपानी कॉलेजात शिकलेलं, सगळी वाक्यं कशी नम्र, दुकानात चौकशी करावी तशी. ते म्हणाले, नाही, डब्यांतून काढून एकत्र ओतलं, तशीच पद्धत आहे. मला ते आजीला सांगायचं होतं. माझ्या तोंडूनच जायचं होतं ते, दुसरं कोण होतं तिथे. त्या दोघींना जपानी येतं पण त्या मागेच एका झाडाला धरून उभ्या होत्या.

मी सांगितलं. आजीने मान हलवली. पिशवी तिच्या हातात होती ती तिने नीट घडी घालून स्वेटरच्या आत ठेवली.

तरी तिने मांडलं ताट. सकाळी माल्सुन आजीकडे शिजवलेला भात, घरून आणलेला मासा, ओसाकाच्या स्टेशनवर घेतलेला स्पंजकेक. सगळं नीट लावलं, मासा डोकं पूर्वेला करून. आणि मग हातातली पळी भातात खुपसायची वेळ आली तेव्हा थांबली. खुपसली की बोलावणं जातं, या आणि जेवा. ती दगडाकडे बघत राहिली, वरपासून खालपर्यंत, जणू आत किती जण असतील ते बघतेय.

"केवढी माणसं आहेत आत," ती म्हणाली. "सगळीच उपाशी. एवढ्या मोठ्या माणसांत तिला कोण पुढे येऊ देणार?"

आणि तिने पळी परत रुमालात गुंडाळली.

माल्सुन आजी तिथे पाचोळ्यात बसून छाती बडवून रडायला लागली, आमच्याकडे प्रेताला रडतात तशी, सूर लावून, पोरीचं नाव घेऊन. मोठमोठ्याने. इतक्या वर्षांनी त्या नावाचा असा बोभाटा झाला. आजीने तिला थांबवलं नाही. आजी तिच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं असं मला सारखं वाटत होतं. शिवी द्यायला हवी होती, आजीला एवढ्या शिव्या येतात, मांजरालासुद्धा घालते.

मग ग्येह्वा आजी जवळ आली. ती रडत नव्हती, तिचं तोंड नुसतं वाकडं झालं होतं आणि लिपस्टिक दातांना लागली होती. म्हणाली, यंदापासून मी मांडते. आजच घरी जाऊन मांडते. मरेपर्यंत चुकवणार नाही, आणि माझ्यामागे सुनेला सांगून जाते, चांगली आहे ती.

"नको," आजी म्हणाली.

"अगं मांडते म्हणतेय ना."

"नको गं. पहिली काही वर्षं ती आली असेल. तिथीला येऊन तुझ्या दारात उभी राहिली असेल, मग हिच्या दारात. मग कधीतरी यायची बंद झाली असेल. आता परत मांडलंस तर परत वाट बघायला लागेल. तू किती जगशील? मी किती? परत कशाला सवय लावायची तिला."

आपण ऐंशीच्या आहोत हे ग्येह्वा आजीलाही माहीत होतं.

मला राहवलं नाही. माझं असंच होतं, मी आधी बोलते. म्हटलं, मी मांडते आजी. मी आहे ना. माझ्यापुढे साठ वर्षं तरी आहेत.

आजीने माझ्याकडे बघितलं. विमानतळापासून पहिल्यांदाच नीट बघितलं असेल. विचारलं, "पुढची अमावास्या कधी आहे?"

माझा हात मोबाइलकडे गेला. खिशात जाऊन मोबाइलला लागला आणि मी तिथेच थांबवला, पण तिने बघितलंच होतं. ती रागावली नाही. उलट माझी कॉलर नीट केली आणि म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही. तू सोलला जाशील, नोकरी करशील. एक वर्षी मांडशील, दुसऱ्या वर्षी मांडशील, तिसऱ्या वर्षी कोणाचं तरी लग्न असेल. चार वर्षांच्या पोरीला हे सगळं कसं समजवायचं?"

मला म्हणायचं होतं की नाही, मी विसरणार नाही. मी म्हटलं नाही. मला खात्री नव्हती. अजूनही नाही, आणि तेच सगळ्यात वाईट आहे.

भात, मासा, केक तिने सगळं परत डब्यात भरलं. एक शीत खाली पडलं होतं तेही उचललं. टॅक्सीची वाट बघत आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो आणि माल्सुन आजी सारखी माफ कर, माफ कर म्हणत होती, आजीची बाही धरून, थांबतच नव्हती. शेवटी आजीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"पुरे. तुझी चूक नाही, हिची नाही. कोणाची असती तर भांडले तरी असते."

टॅक्सी आली. त्या तिघी मागे बसल्या, मी ड्रायव्हरशेजारी. कुठे जायचं त्याने विचारलं आणि मागून कोणी बोललंच नाही, मग मी माझ्या त्या नम्र जपानीत स्टेशनचं नाव सांगितलं.